अंधाऱ्या भुयाराचा नकाशा

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेत दहावीच्या एका मुलीने मला विचारले, "काका, तुमच्या लहानपणी कॉम्प्युटर गेम होते का?"

मी म्हणालो, "होते की."

"मग त्यात काय असायचं?"

"काही नाही. नुसती अक्षरं."

सगळी मुले हसली. काका थट्टा करतात असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी मी घरच्या ट्रंकेतून एक शंभरपानी वही काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. पाने पिवळी पडली आहेत, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. आत पेन्सिलीने काढलेले चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेघा आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेली नावे. मुले ती वही बराच वेळ बघत राहिली. त्या वहीची हकीकत त्यांना सांगितली, तीच आज वाचक बंधू-भगिनींनाही सांगावी म्हणतो.

साल १९९४. माझी आठवीची परीक्षा झाली होती. वडील जुन्नरच्या बाजारात हमाली करीत. आई मिळेल त्या शेतावर खुरपायला जाई. मे महिन्याच्या सुट्टीत मला पुण्याला येरवड्यात मावशीकडे धाडले. त्याचे खरे कारण असे की, घरात एक खाणारे तोंड महिनाभर कमी व्हावे. मावशी एका कॉलनीत चार घरची धुणीभांडी करायची. मी एकटा खोलीवर काय करणार, म्हणून ती मला बरोबर न्यायची. त्यातल्या एका बंगल्यात एक इंजिनिअर साहेब राहत. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता.

तोपर्यंत मी कॉम्प्युटर फक्त वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिला होता. केंद्र सरकारने १९८४ साली 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो जातीचे संगणक दिले होते. ही माहिती मला पुष्कळ वर्षांनी कळली. आमच्या शाळेत फळा होता, खडू होता आणि पावसाळ्यात गळणारे छप्पर होते. आमच्याच तालुक्यात नारायणगावाजवळ खोडदला तेव्हा महाकाय रेडिओ दुर्बिणीचे काम चालू होते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या एकंदर तीस तबकड्या त्या प्रकल्पात आहेत. एसटीच्या खिडकीतून त्या तबकड्या दिसल्या की आम्ही मुले ओरडायचो. पण तबकडी डोळ्यांना दिसत होती, तिच्या आतला संगणक नव्हे.

त्या बंगल्यातला कॉम्प्युटर तेव्हाच जुना झालेला होता. पडदा काळा, अक्षरे नारिंगी. माऊस नाही, रंग नाही, आवाज म्हटला तर एक 'टिक्'. साहेबांनी ऑफिसातून मोठ्या चौकोनी फ्लॉप्या आणल्या होत्या. त्यातल्या एकीत तो खेळ होता. नाव 'ॲडव्हेंचर'. साहेबांनी मला खोलीत बसायची परवानगी दिली, मात्र मशीनला हात लावायचा नाही, असे बजावले. ही मनाई मशीनच्या किमतीमुळे होती की आणखी कशामुळे, हे मी तेव्हा विचारले नाही. आज त्यावर मागे जाऊन निकाल द्यायचीही माझी इच्छा नाही. मी दाराजवळ स्टुलावर बसायचो आणि तो मुलगा टाईप करायचा.

खेळ असा. पडद्यावर दोनचार ओळी उमटत. तुम्ही रस्त्याच्या टोकाला उभे आहात, समोर विटांचे छोटे घर आहे, आजूबाजूला रान आहे, अशा अर्थाच्या. मग आपण एकदोन शब्दांत सांगायचे की काय करायचे. घरात जा. दिवा घे. किल्ल्या घे. रानातल्या ओढ्याच्या कडेने गेले की जमिनीत कुलूपबंद लोखंडी जाळी लागते. ती उघडून खाली उतरले की भुयार. तिथून पुढे सगळा अंधार. दिव्याची बॅटरी मोजकी. ती संपली आणि आपण तरीही पुढे गेलो, तर खड्ड्यात पडून खेळ खलास. भुयारात पंधरा मौल्यवान वस्तू लपवलेल्या असतात. त्या एकेक शोधून वरच्या घरात आणून ठेवायच्या.

आता माझे इंग्रजी ऐका. त्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. म्हणजे माझ्या गाठीशी चार वर्षांचे इंग्रजी, तेही पाठांतराचे. तो मुलगा वाचून दाखवी तेव्हा 'ग्रेट' शब्द आला. मला वाटले, काहीतरी महान वस्तू आहे. त्याने खिशात मावेल असा शब्दकोश दिला. स्पेलिंग वेगळे निघाले आणि अर्थ निघाला लोखंडी गज किंवा जाळी. त्या दिवसापासून शब्दकोश माझ्या मांडीवर राहिला. 'क्रॉल' म्हणजे सरपटत जाणे, 'पिट' म्हणजे खड्डा, 'रॉड' म्हणजे काठी. एका महिन्यात मी जे इंग्रजी शिकलो, ते शाळेत वर्षभरात शिकलो नव्हतो. कारण इथे शब्द अडला की वाटच अडत होती.

तो मुलगा दोनदा-तीनदा भुयारात हरवला, तेव्हा मी म्हणालो, "आपण नकाशा काढू या का?" मशीनला हात लावायला मनाई होती, वहीला नव्हती. मावशीने कोपऱ्यावरच्या दुकानातून ही शंभरपानी वही आणून दिली. प्रत्येक जागेला एक चौकोन, प्रत्येक वाटेला एक रेघ, रेघेवर दिशा. तो टाईप करी आणि मी काढी. दोनचार दिवसांतच तो टाईप करण्याआधी माझ्याकडे वळून विचारू लागला, "आता कुठे?"

एक कोडे आमच्याने सुटेना. भुयारात एक पक्षी असतो आणि आपल्याजवळ पिंजरा असतो. पण पक्षी पकडायला गेले की तो घाबरून दूर होतो. पुढच्या दालनात एक भलामोठा साप वाट अडवून बसलेला. त्याला मारून तो हलत नाही. दोन दिवस आम्ही डोके खाजवले. मावशी त्या वेळी खोलीत फरशी पुसत होती. आमचे बोलणे तिच्या कानावर पडत होते. तिने विचारले, "त्या पोराच्या हातात काय काय हाय?"

मी सांगितले, "दिवा, पिंजरा, काठी."

ती म्हणाली, "आरं, मग काठी ठेव की आधी खाली. काठी घिऊन पाखराजवळ गेल्यावर ते थांबंल का?"

त्या मुलाने काठी खाली ठेवली आणि पुन्हा पक्षी पकडायचा हुकूम दिला. पक्षी पिंजऱ्यात आला! तो सापापुढे सोडल्यावर त्या एवढ्याशा पाखराने सापाला हुसकावून लावले. मुलगा खुर्चीवरून उठून ओरडला, "मावशी, बरोबर आलं!" मावशीला अक्षरओळख नव्हती. बचत गटाच्या कागदावर ती पुढे सही करायला शिकली, पण तेव्हा अंगठाच लावायची. अमेरिकेतल्या कुणा विद्वानाने रचलेले कोडे तिने फरशी पुसता पुसता सोडवले. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. आजही ते आठवले की ऊर भरून येतो.

दुसरे कोडे त्याहून अवघड होते. भुयारात एक चक्रव्यूह आहे. तिथली प्रत्येक जागा सारखीच. पडद्यावर दरवेळी तेच वाक्य येते. उत्तरेला गेलो म्हणून दक्षिणेला वळल्यावर मागच्याच जागी येऊ, याचाही भरवसा नाही. माझ्या वहीतला नकाशा तिथे थिजला. सगळे चौकोन सारखे, तर नाव कशाला काय द्यायचे?

त्या रात्री येरवड्याच्या खोलीत पडल्या पडल्या मला वडिलांचे बोलणे आठवले. वडील लहानपणी तुळजा लेण्यांच्या बाजूच्या डोंगरावर शेळ्या राखायचे. पुढे सुट्टीच्या दिवशी ते मला कधी मानमोडीच्या डोंगरात, कधी शिवनेरीच्या पोटातली, कधी लेण्याद्रीची लेणी दाखवायला नेत. जुन्नरच्या चौफेर डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. सातवाहन काळात भिक्खूंच्या निवासासाठी ती खोदली गेली. तिथल्या ब्राह्मी लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, बुरूड, कासार अशा कष्टकरी लोकांच्या श्रेणींची नावे येतात. वडिलांना ती लिपी वाचता येत नसे, पण ते अक्षरांवरून हात फिरवीत. अंधाऱ्या खोलीत शिरण्याआधी ते सांगत, "आधी डोळे मिट. थोडा थांब. मग आत जाऊन उघड, म्हंजी दिसंल." आणि डोंगरात वाटा फुटल्या की म्हणत, "दोन वाटा सारख्या दिसल्या की मनाचं ऐकायचं नाही. दगडावर दगड ठिवायचा. म्हंजी परत आल्यावर कळतं, आपण हितं येऊन गेलोय."

सकाळी मी त्या मुलाला म्हणालो, "आपल्याजवळच्या वस्तू एकेका जागी टाकत जाऊ. जिथे किल्ल्या पडल्यात ती एक जागा, जिथे बाटली पडलीय ती दुसरी." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि टाईप करू लागला. दुपारपर्यंत चक्रव्यूहाचा नकाशा तयार झाला. त्याच्या एका टोकाला, खेळातल्या लुटारूने आमच्याकडून पळवलेला माल आणि त्याची पेटी सापडली.

सुट्टी संपली तरी खेळ पुरा झाला नव्हता. एकंदर ३५० गुण असतात, आम्ही त्याच्या निम्म्याच्या आसपास होतो. शेवटच्या दिवशी साहेब घरात नव्हते. मुलगा खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "तू बस." खेळात एक जादूचा शब्द आहे, एक्स-वाय-झेड-झेड-वाय. तो लिहिला की भुयारातल्या एका जागेवरून आपण थेट वरच्या घरात येतो. मी एका बोटाने ती पाच अक्षरे शोधून दाबली. पडदा हलला आणि नारिंगी अक्षरांत विटांचे घर आले. निघताना त्याने वही माझ्या हातात दिली. म्हणाला, "नकाशा तुझाच आहे. तूच ने." त्यानंतर आमची भेट झाली नाही. तो जिथे असेल तिथे सुखी असो.

पुढे मी जुन्नरलाच बी. कॉम. झालो. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तो केला आणि घोडेगावला कारकुनाची नोकरी लागली. खूप वर्षांनी, घरात इंटरनेट आल्यावर, त्या खेळाचे मूळ शोधले. जे वाचायला मिळाले त्याने मी थक्क झालो.

तो खेळ विल क्रॉथर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९७५-७६ च्या सुमारास लिहिला. इंटरनेटचे पूर्वरूप म्हणजे आर्पानेट, त्याच्या उभारणीत तो होता. त्याला आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया हिला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यातली मॅमथ गुहा ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे. तिच्या मोजणीच्या नोंदी ही दोघे संगणकावर घालून नकाशे काढीत. १९७२ साली फ्लिंट रिज गुहा आणि मॅमथ गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ज्या शोधमोहिमेत सिद्ध झाले, तिच्यात पॅट्रिशिया होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. आपल्या लहान मुलींना खेळता यावे म्हणून क्रॉथरने त्या गुहेच्या एका भागावरून हा खेळ रचला. १९७७ मध्ये डॉन वुड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्यात भर घातली. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्यासाठी हा खेळ मायक्रोसॉफ्टने विकायला ठेवला. यावरूनच स्फूर्ती घेऊन रोबर्टा विल्यम्स या गृहिणीने १९८० साली 'मिस्ट्री हाउस' हा चित्रांचा साहसी खेळ तयार केला. २०२३ साली तिनेच जुन्या भुयाराचा खेळ नव्या, चित्रमय रूपात आणला. इंग्लंडात १९८२ पासून घरच्या टीव्हीला जोडायचे आणि कॅसेटवरून खेळ चढवायचे सिंक्लेअर स्पेक्ट्रम संगणक आले, तेव्हा तिथल्या घराघरांत मुले अशीच वही घेऊन नकाशे काढीत बसत. म्हणजे पुण्यात दाराजवळच्या स्टुलावर मी जे करीत होतो, ते जगभरची मुले करीत होती.

पण मला सर्वांत जास्त हलवून गेली ती आणखी जुनी गोष्ट. या मॅमथ गुहेचा आतला बराच भाग प्रथम धुंडाळला तो स्टीफन बिशप याने. तो गुलाम होता. १८३८ साली, सतराएक वर्षांचा असताना, त्याच्या मालकाने त्याला या गुहेत वाटाड्याच्या कामाला लावले. पुढच्याच वर्षी गुहा विकली गेली आणि तिच्याबरोबर तोही विकला गेला. ज्या खोल दरीला पलीकडची बाजूच नाही असे लोक मानत, ती त्याने ओलांडली. तो लिहावाचायला शिकला. १८४२ साली त्याने केवळ आठवणीतून त्या गुहेचा नकाशा काढला आणि १८४४ मध्ये तो त्याच्या नावानिशी छापला गेला. पुढे कित्येक वर्षे लोक त्याच नकाशावर चालत होते. १८५६ साली त्याला मुक्ती मिळाली आणि १८५७ मध्ये तो वारला. अवघे एक वर्ष तो मोकळा माणूस म्हणून जगला. ज्याचे स्वतःचे शरीरही स्वतःच्या मालकीचे नव्हते, त्याचा नकाशा मात्र त्याचाच राहिला. हे वाचले त्या रात्री मी ट्रंक उघडून माझी वही पुन्हा पाहिली.

कुणी म्हणेल, हा पोरखेळ झाला, त्याचा संसाराला काय उपयोग? उपयोग झाला तो सांगतो. आपल्या मुलांना बारावीनंतर जात पडताळणी करावी लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नोंद, वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध', मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद शोधा. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जा. सगळ्या खिडक्या सारख्या आणि सगळीकडे उत्तर तेच, "उद्या या." आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या खेड्यातून येणाऱ्या माणसाची त्यात रोजाची मजुरी बुडते. भावकीतल्या पोरांसाठी मी दहाबारा वर्षांपूर्वी या फेऱ्या मारू लागलो, तेव्हा हा चक्रव्यूह मी आधी पाहिलेला आहे असे मला वाटले.

मग मी वडिलांचा दगड ठेवू लागलो. प्रत्येक फेरीला वहीत टिपून ठेवायचे, कोणत्या खिडकीवर गेलो, कोणता कागद मागितला, कशावरून परत पाठवले. पाचसात प्रकरणे झाल्यावर त्या टिपणांचा एक नकाशा तयार झाला. तो मोठ्या कागदावर काढून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावला आहे. कुठून सुरुवात करायची, कोणता कागद कोणत्या कागदाच्या आधी, कुठे चूक झाली तर मागे कुठे यायचे. शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जासाठीही असाच एक कागद केला आहे. नियम बदलले की मुलेच तो खोडून दुरुस्त करतात.

एक गोष्ट मात्र मी मुलांना स्पष्ट सांगतो. खेळात कुलूप असते तेव्हा किल्लीही असते, कारण खेळ रचणाऱ्याने ती कुठेतरी ठेवलेली असते. आयुष्यात तशी हमी नाही. कित्येक दारांची किल्ली कुणी केलेलीच नसते. नकाशा नीट काढूनही माणूस अडतो. माझ्या भावाचे एक वर्ष एका कागदापायी वाया गेले आणि ते कोणत्याही नकाशाने परत आले नाही. म्हणून कोडे सुटले नाही तर दोष तुमच्या बुद्धीचा, असे कुणी म्हणाले तर मानू नका. तरी नकाशा काढायचा. आपण अडलो ती जागा मागून येणाऱ्याला कळावी, एवढ्यासाठी तरी काढायचा.

त्या दिवशी वही दाखवून झाल्यावर त्या मुलीने तो जुना खेळ आपल्या मोबाइलवर शोधून काढला. तो आजही फुकट खेळता येतो. खेळाची सगळी उत्तरेही तिथेच मिळतात. मी तिला म्हणालो, "उत्तरं बघायची तर बघ, पण आठ दिवस थांब. तोवर वहीत काढ." चौथ्या दिवशी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी पक्ष्यापाशी अडल्या. माझ्याकडे आल्या. मी उत्तर सांगितले नाही. येरवड्याला फोन लावला.

मावशी आता सत्तरीपलीकडे आहे, कानाने थोडी कमी ऐकते. मुलींनी मोठ्याने विचारले, "आजी, पाखरू जवळच येत नाही, काय करू?"

पलीकडून मावशी म्हणाली, "हातात काय हाय तुमच्या, ते आधी बघा गं."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात अशी एखादी मावशी, असे एखादे वडील असतील. त्यांनी कोणत्या वाटेवर कोणता दगड ठेवला होता, ते त्यांना विचारून घ्या आणि मुलांच्या वहीत लिहून ठेवा. जयभीम.